राजाच्या उशाशी

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. विचारणाऱ्याला माझे नम्र उत्तर असे की, आपल्या दिवाळीने यमाला कधी दाराबाहेर उभे केलेले नाही. धनत्रयोदशीच्या सांजवेळी आपल्या आया-आज्या कणकेचा दिवा करतात, त्याची वात दक्षिणेकडे वळवतात आणि घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून हात जोडतात. भाऊबिजेचे तर दुसरे नावच यमद्वितीया; त्या दिवशी खुद्द यमराज बहिणीकडे जेवायला जातात. ज्याच्यासाठी ह्या सणात दिवाही लागतो आणि पाटही मांडला जातो, त्याच्याविषयी फराळ करता करता चार शब्द वाचले, तर त्यात अमंगळ काही नाही.

शिवाय हा दिवा लावताना आपण मागतो ते एवढेच की, मरण अवेळी येऊ नये. पण वेळ होऊन गेली, देह झिजला, औषधांनी हात टेकले आणि तरीही मरण उंबरठ्यावर रेंगाळत राहिले, तर? त्याला आत बोलवावे की नाही, बोलवायचे तर कुणी, आणि कुणाला विचारून? गेली नव्वद वर्षे देशोदेशींची पार्लमेंटे आणि न्यायालये ह्या प्रश्नाशी झुंजत आहेत. मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत इतिहास शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तेव्हा कायद्याचा कीस पाडत बसण्याऐवजी मी वाचकांना दोन खोल्यांत घेऊन जाणार आहे. एक खोली इंग्लंडच्या राजवाड्यातली, दुसरी आपल्या परळमधली.

मुंबईला गेलेला मराठी माणूस एकदा तरी अपोलो बंदरावर जातो आणि गेटवे ऑफ इंडियासमोर उभा राहून फोटो काढून घेतो. त्या कमानीवरचा लेख मात्र सहसा कुणी वाचत नाही. २ डिसेंबर १९११ रोजी बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ह्या बंदरावर उतरली, त्याचे ते स्मारक. पुढे दहा दिवसांनी दिल्लीला दरबार भरला आणि हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा ह्याच बादशहाने केली. त्याच्या मुखवट्याचे रुपये आपल्या पणज्यांनी कनवटीला लावले. शाळेतल्या सनावळीत त्याची अखेर एका ओळीत उरकते : १९३६, पंचम जॉर्जचा मृत्यू. त्या एका ओळीमागे काय दडले होते, हे पन्नास वर्षे जगाला ठाऊक नव्हते.

१९३६ च्या जानेवारीत राजा सँडरिंगहॅमच्या वाड्यात होता. वय ७०. सिगारेटने छाती पोखरलेली. १९२८ साली तो असाच मरणाच्या दारातून परत आला होता, आणि त्याला परत आणणारा राजवैद्य म्हणजे लॉर्ड डॉसन. १५ जानेवारीला राजाने पुन्हा अंथरूण धरले, तेव्हा उशाशी तोच डॉसन होता. २० तारखेला, सोमवारी दुपारी, प्रिव्ही कौन्सिलचे सभासद राजाच्या शयनगृहात जमले. राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या मंडळींच्या नेमणुकीच्या कागदावर त्याची सही हवी होती. हात चालेना, चित्त ठरेना. आपल्यामुळे तुम्हाला ताटकळावे लागते आहे, अशी त्याने त्या मंडळींची क्षमा मागितली, आणि अखेर कशीबशी एक खूण कागदावर उमटवली. मरणाच्या दिवशीही माणूस शुद्धीवर होता आणि कर्तव्याला जागत होता, एवढे ह्यावरून कळते.

रात्री जेवणाच्या टेबलावर डॉसनने भोजनाच्या यादीचे एक कार्ड घेतले आणि त्याच्यावर शेवटचे पत्रक लिहिले. राजाचे जीवन शांतपणे आपल्या अखेरीकडे चालले आहे, अशा अर्थाचे ते वाक्य रेडिओवरून साऱ्या साम्राज्यभर गेले. लोकांनी डोळे पुसले आणि ते बातमीची वाट पाहू लागले. अकराच्या सुमारास डॉसनने राजाच्या गळ्याच्या शिरेत आधी मॉर्फीन टोचले आणि थोड्याच वेळाने कोकेन. मध्यरात्रीला पाच मिनिटे कमी असताना राजा गेला.

ह्या हकिकतीत डॉसनच्याच टिपणांत आलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, सुई त्याने स्वतःच्या हाताने टोचली, कारण उशाशी असलेली परिचारिका कॅथरिन ब्लॅक ह्या प्रकाराने अस्वस्थ झाली होती. दुसरी गोष्ट ऐकून वाचकांना नवल वाटेल. राजाच्या मृत्यूची बातमी दुपारच्या हलक्यासलक्या पत्रांतून फुटण्यापेक्षा सकाळच्या भारदस्त पत्रांतून यावी, हाही विचार त्याच्या मनात होता. त्याने लंडनला आपल्या पत्नीला टेलिफोन करून ‘टाइम्स’च्या कचेरीला छपाई जरा थांबवून धरण्याचा निरोप द्यायला सांगितले होते. राजाच्या श्वासाची वेळ छापखान्याच्या वेळेशी जुळवली गेली!

राजाला कुणी विचारले होते काय? तशी नोंद कुठेच नाही. राणीने आणि युवराजाने एवढे मात्र सांगितले होते की, दुखणे प्राणघातक असेल तर उगाच आयुष्य लांबवू नये. पण ‘लांबवू नका’ आणि ‘संपवा’ ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! ते अंतर डॉसन एकटा चालून गेला, घरच्यांना न सांगता. फ्रान्सिस वॉटसन ह्या लेखकाने १९५० साली डॉसनचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात हा प्रसंग गाळलेला होता. त्याच वॉटसनने १९८६ साली ‘हिस्टरी टुडे’ ह्या मासिकात ती टिपणे उघड केली, तेव्हा मेलेला राजा आणि मेलेला वैद्य पुन्हा एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

डॉसनवर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. राजा वाचणार नव्हता. तासा-दोन तासांचा किंवा फार तर रात्रीचा प्रश्न होता. घरच्या माणसांचे हाल त्याला पाहवत नव्हते. त्याला कसला लोभ नव्हता, वैर तर नव्हतेच. जे केले ते दयेपोटी केले, असे तो मनापासून मानीत असणार. परंतु खरी गंमत, गंमत म्हणण्यापेक्षा खरी व्यथा, पुढेच आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, १ डिसेंबर १९३६ रोजी, ब्रिटिश उमरावसभेपुढे एक बिल आले. असाध्य रोगाने तळमळणाऱ्या माणसाला स्वेच्छेने मरण मागता यावे, असे ते बिल होते. लेस्टर शहराचे आरोग्याधिकारी डॉ. किलिक मिलार्ड ह्यांनी १९३१ पासून ह्या विचाराचा पाठपुरावा चालवला होता, आणि १९३५ मध्ये त्यासाठी एक संस्था उभी राहिली होती. बिलातल्या अटी पाहा : माणूस सज्ञान हवा, रोग असाध्य आणि वेदनांचा हवा, अर्जावर त्याची स्वतःची सही हवी, दोन साक्षीदार हवेत, डॉक्टरांचे दाखले हवेत, आणि सरकारने नेमलेल्या पंचाने रोग्याची समक्ष भेट घेऊन खात्री करून घेतलेली हवी. लॉर्ड पॉन्सनबी ह्यांनी बिल मांडले. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी विरोध केला, हे अपेक्षितच होते. परंतु विरोधकांत लॉर्ड डॉसनही उठून उभे राहिले. मरणाऱ्याची वाट सुखाची करणे हे वैद्याचे काम आहे, त्यात आयुष्य थोडे कमी झाले तरी हरकत नाही, आणि तशी रीत पडतही चालली आहे. मात्र ती गोष्ट वैद्याच्या शहाणपणावर आणि सद्सद्विवेकबुद्धीवर सोडावी, तिथे कायदा आणू नये, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. बिलाच्या बाजूने १४ मते पडली आणि विरुद्ध ३५. बिल बारगळले.

सभेत बसलेल्या उमरावांना माहीत नव्हते की, आपल्यापुढे बोलणारा हा मनुष्य दहा महिन्यांपूर्वी कुठल्या खोलीत काय करून आला आहे. तो सभेत खोटे बोलला नाही. पण ज्या कायद्याने रोग्याला विचारणे भाग पाडले असते, तो कायदा नको म्हणून सांगणारा मनुष्य रोग्याला न विचारता सुई टोचून आलेला होता. ह्या वादाचे सारे मर्म मला ह्या योगायोगात दिसते.

इंग्रजीत ह्या सगळ्याला एकच शब्द आहे, युथेनेशिया. मूळ ग्रीक, अर्थ चांगले मरण. आपल्या मराठीने मात्र ह्या एका शब्दाचे दोन करून ठेवले आहेत, आणि त्याबद्दल आपण भाषेचे ऋणी असायला हवे. एक शब्द इच्छामरण, दुसरा दयामरण. इच्छामरण म्हटले की, शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म आठवतात. बाण दुसऱ्यांचे, पण प्राण कधी सोडायचा तो निर्णय स्वतःचा. दयामरणात निर्णय पाहणाऱ्याचा. एकात मरणारा कर्ता आहे, दुसऱ्यात मरणारा कर्म आहे. व्याकरण शिकवणारा माणूस म्हणून मला हा भेद फार मोठा वाटतो. १९३६ चे बिल इच्छामरणाचे होते. ते नाकारले गेले. जानेवारीतली ती रात्र दयामरणाची होती. ती झाकली गेली.

आणि दया हा शब्द किती निसरडा आहे, हे जगाला कळायला तीनच वर्षे लागली. १९३९ च्या ऑक्टोबरात हिटलरने आपल्या खाजगी कागदावर एक आज्ञा लिहून दिली आणि तिच्यावर मागची, १ सप्टेंबरची, तारीख घातली. असाध्य रोग्यांना ‘दयेचे मरण’ देण्याचा अधिकार नेमक्या डॉक्टरांना त्या आज्ञेने मिळाला. हाच त्यातला शब्द होता. १९४० च्या जानेवारीपासून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत मनोरुग्ण, मतिमंद आणि अपंग अशा सत्तर हजारांहून अधिक माणसांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. घरच्यांना खोट्या रोगांची नावे घातलेले दाखले टपालाने गेले. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन ह्यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी चर्चमधून जाहीरपणे ह्याचा धिक्कार केला, त्यानंतर ती मोहीम वरवर थांबली. पुढे चोरून चालूच राहिली. हिटलरने ज्याच्या नावे आज्ञा दिली त्यांतला एक, डॉ. कार्ल ब्रांट, १९४८ मध्ये फासावर गेला.

सँडरिंगहॅमची सुई आणि जर्मनीतल्या त्या कोठड्या ह्यांना एका पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल, आणि मी तसे करणार नाही. एकीकडे मरणाऱ्या माणसाचे शेवटचे तास होते. दुसरीकडे जगू शकणाऱ्या माणसांचे खून होते. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. ज्याचा जीव, त्याचा शब्द कुठेच नव्हता. म्हणून युद्धानंतर ह्या विषयाचे नाव काढले तरी लोकांच्या अंगावर काटा येई, आणि तो काटा योग्यच होता. पुढे ज्यांनी हा प्रश्न पुन्हा उचलला त्यांना पहिल्यापासून इच्छा आणि दया ह्यांची फारकत करूनच बोलावे लागले. नेदरलँड्समध्ये एका डॉक्टर मुलीने आपल्या आजारी आईच्या आर्जवावरून तिला मॉर्फीन टोचून मरण दिले. १९७३ साली लेवार्डनच्या न्यायालयाने तिला दोषी ठरवले खरे, पण शिक्षा दिली एका आठवड्याची, तीही तहकूब. त्या खटल्यापासून वाद सुरू झाला, आणि १ एप्रिल २००२ पासून त्या देशात तसा कायदा अमलात आला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९९७ पासून वेगळी वाट धरली : डॉक्टरने औषध लिहून द्यावे, घ्यायचे की नाही ते रोग्याने स्वतःच्या हाताने ठरवावे. आणि खुद्द ब्रिटनमध्ये, डॉसनच्या भाषणानंतर ८९ वर्षांनी, २० जून २०२५ रोजी कॉमन्स सभेने असेच एक बिल ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर करून उमरावसभेकडे पाठवले. नुसते आकडे पाहिले तरी कळते की, घराघरांत ह्या विषयावर दोन तट होते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशाला ह्या बाबतीतला कायदा इंग्रजांनीच दिला. १८६० च्या दंडसंहितेचे ३०९ कलम असे होते की, आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. परंतु ज्या समाजाने ज्ञानदेवांच्या समाधीपुढे माथा टेकवला, प्रायोपवेशन आणि सल्लेखना हे शब्द पूज्य मानले, त्या समाजात हे कलम नेहमी अवघडल्यासारखेच वावरले. १९६६ साली सावरकरांनी अन्न आणि औषध सोडून देह ठेवला. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही नाकारले आणि १५ तारखेला, नेमक्या दिवाळीच्या दिवशी, ते गेले. त्यांच्यावर ३०९ कलम लावण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि होऊही नये. पण त्याच सुमारास मुंबईत अपघातानंतर मनाचा तोल गेलेल्या एका पोलीस शिपायाने स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र त्याच्यावर खटला झाला! त्याच्या अर्जावर १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो फिरवला. मुंबईतच १९८१ मध्ये मिनू मसानी ह्यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था काढली होती. म्हणजे हा वाद आपल्याकडे परदेशातून बोटीने आला, असे म्हणता येणार नाही. तो आपल्या घरातलाच आहे.

आणि आता ती दुसरी खोली. पंचम जॉर्जच्या वडिलांचे, सातव्या एडवर्डचे, नाव घेऊन परळला १९२६ पासून एक इस्पितळ उभे आहे. सारी मुंबई त्याला के. ई. एम. म्हणते. कारवारकडच्या हळदीपूरहून आलेली अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका तिथे नोकरीला होती. लग्न ठरलेले होते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. ती मेली नाही, पण ह्या जगात परतलीही नाही. चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत ती ४१ वर्षे पडून होती.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणेला आता ह्या यातनेतून सोडवा, तिला अन्न भरवणे थांबवा, असे त्यांचे मागणे होते. ते करुणेतूनच आलेले होते; अरुणेची कहाणी त्यांनीच पुस्तक लिहून लोकांपुढे आणली होती. विरोध कुणी केला? त्या इस्पितळातल्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी. पिढ्यांमागून पिढ्या त्या बायांनी तिला न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाची निगा पाहून न्यायमूर्तींनीही त्यांचे कौतुक केले. तिला मासळी आवडते, आवडीचे खाल्ले की चेहरा खुलतो, असे त्या सांगत. त्यांतल्या कित्येकींचा तर ती पडली तेव्हा जन्मही झाला नव्हता. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची सेवा करणाऱ्यांचा, असे ठरले. त्या दिवशी परिचारिकांनी पेढे वाटले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली, ती आपल्या वेळेने.

सँडरिंगहॅमच्या खोलीत एक परिचारिका अस्वस्थ झाली होती, आणि तिच्या अस्वस्थतेला वळसा घालून सुई टोचली गेली. परळच्या खोलीत अनेक परिचारिकांच्या अस्वस्थतेपुढे सर्वोच्च न्यायालय थांबले. पण मी म्हणतो, अरुणेला काय हवे होते? ते कुणालाच सांगता येत नव्हते. विराणींच्या बाजूलाही दया होती, परिचारिकांच्या बाजूलाही दया होती. दोन दया समोरासमोर उभ्या राहिल्या, कारण इच्छा मुकी होती. ह्याच खटल्याच्या निमित्ताने न्यायालयाने एक दार किलकिले केले : उच्च न्यायालयाच्या परवानगीने निरर्थक उपचार थांबवता येतील. विष टोचून मारणे मात्र गुन्हाच.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ‘कॉमन कॉज’ ह्या संस्थेच्या २००५ पासून चाललेल्या अर्जावर, ते दार नीट उघडले. सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, असे सांगून, धडधाकट असतानाच माणसाला आपली इच्छा लिहून ठेवता येईल असे त्यांनी ठरवले. मी शुद्धीवर नसेन आणि बरे होण्याची आशा नसेल, तर मला यंत्रांवर जगवू नका, अशी ही इच्छा. पहिली पद्धत इतकी किचकट होती की लोक थकून जात. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करायची आणि नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यायचा. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक तपासणी करतात आणि मगच उपचार थांबतात.

कायद्याच्या पुस्तकात हे सारे आता लिहिलेले आहे. घरात काय चालते? आपल्या गावाकडच्या दवाखान्यांत एक वाक्य फार जुने आहे : “आता ह्यांना घरी न्या.” डॉक्टर ते हळू आवाजात बोलतो, मुलगा मान खाली घालतो, आणि ज्याला न्यायचे तो छताकडे पाहत पडलेला असतो. काही वर्षांमागे आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा, पोस्टातून निवृत्त झालेले, कॅन्सरने आजारी होते. मी भेटायला गेलो तेव्हा मुलाने दारातच बजावले, “मास्तर, अण्णांना काही बोलू नका हं. त्यांना माहीत नाही.” मी आत जाऊन बसलो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग अण्णा हसून म्हणाले, “मास्तर, जन्मभर लोकांच्या पत्रांची पाकिटे वाटली. आत काय आहे ते पाकिटावरून कळायचं मला. ही पोरं बाहेर ओट्यावर माझ्याबद्दल बोलतात. आत येऊन माझ्याशी कुणी बोलत नाही. मला पुन्हा इस्पितळात जायचं नाही, एवढं त्यांना सांगाल का?” मी निघताना ओट्यावर थांबून ते मुलाला सांगितले. तो रडला आणि म्हणाला, “हे आम्ही त्यांना विचारायचं कसं?” त्याच्यावर प्रेमाचा अभाव असल्याचा आरोप कोण करील? विचारणे हेच त्याला पाप वाटत होते.

विरोधकांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. आज थांबवण्याची मुभा दिली, उद्या मारण्याची मागतील. परवा म्हातारी माणसे, आपला सुनेला त्रास होतो म्हणून, नको असताना कागदावर सही करतील. आपल्याकडे पेन्शन नसलेले, जमिनीवर नाव असलेले आणि औषधाचा खर्च मुलाच्या माथ्यावर पडणारे म्हातारे कमी नाहीत. ज्याला मॉर्फीनची गोळी वेळेवर मिळत नाही, त्याच्या तोंडचे ‘मला मरू द्या’ हे मरणाचे मागणे नसते, ते वेदना थांबवण्याचे मागणे असते. लंडनमध्ये सिसली सॉन्डर्स ह्या बाईंनी हे ओळखले. त्या आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी मरणाऱ्यांची वेदना हटवणारे सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उभारले. आपल्याकडे वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना हे घर तेच काम करते आहे. अशी घरे तालुक्या-तालुक्याला असती, तर ह्या वादातली अर्धी कडवट भाषा गळून पडली असती. म्हणून डॉक्टरच्या हाती सुई देणारा कायदा आपल्याकडे यावा, असे मला आजतरी वाटत नाही. आधी वेदना दूर करण्याची सोय, मग पुढची गोष्ट.

पण ह्याचा अर्थ प्रश्न डॉसनसाहेबांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडून मोकळे व्हावे, असाही नाही. कायदा नको म्हणणाऱ्यांना वाटते की, कायदा नसला म्हणजे ह्या गोष्टी घडत नाहीत. इतिहास सांगतो की, त्या घडतातच. फक्त दाराआड घडतात, आणि पन्नास वर्षांनी मासिकात छापून येतात. साम्राज्यातल्या सर्वांत थोर माणसाच्या उशाशी सर्वांत नामांकित वैद्य असताना जर कुणी त्याला विचारले नाही, तर वॉर्डात खाटेखाली अंथरूण टाकलेल्या गरिबाला कोण विचारील? कायदा हवा तो मारण्यासाठी नव्हे, विचारणे भाग पाडण्यासाठी.

त्या सोमवारी दुपारी राजापुढे एक कागद धरला होता. सही करताना त्याला किती वेळ लागला, त्याने कशी क्षमा मागितली, हे सारे लिहून ठेवण्याजोगे वाटले, कारण तो राज्याचा कागद होता. रात्री जे घडले त्याचा कागद त्याच्यापुढे आला नाही. आपल्याला आता तसा कागद करून ठेवता येतो. दिवाळीला लेकी-सुना, भाऊ-भावजया एका छताखाली जमतात. फराळ आटोपल्यावर, मुले अंगणात फटाके उडवीत असताना, घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून, “अण्णा, तुमच्या मनात काय आहे?” एवढे कुणीतरी विचारावे. त्यांनी विषय बदलला तर तोही आनंदाने बदलू द्यावा. आणि बोलले, तर मधे न बोलता ऐकून घ्यावे.